रूथचे पुस्तक खळ्यावर बसून वाचताना: माझा अनुभव

बायबलचा जुना करार हिब्रू अंगाने समजून घ्यायला मी रूथपासून सुरुवात केली. 4 अध्याय, 85 वचने. अर्ध्या तासात संपते. शिवाय सरवा वेचणे, मळणी, उफणणी, रात्री राशीपाशी झोपणे यांतले काहीच आपल्याकडे समजावून सांगावे लागत नाही.

पहिल्या वाचनाला टीका-प्रवचने बाजूला ठेवली आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. पण भाषांतर इथेच चकवते. 2:12 मध्ये (अध्याय 2, वचन 12) शेतमालक बवाज, तिच्या सासरचा नातलग, सरवा वेचायला आलेल्या विधवा रूथला म्हणतो, तू देवाच्या पंखांखाली आसऱ्याला आलीस. 3:9 मध्ये खळ्यावर, मध्यरात्री, ती त्याला म्हणते की आपले वस्त्र माझ्यावर पसरा. हिब्रूत दोन्हीकडे एकच शब्द आहे, ‘कानाफ’: पंख, आणि वस्त्राचा काठही. आशीर्वाद तुम्ही दिलात, आता तो पुरा तुम्हीच करा, असे ती त्याच्याच शब्दात सुचवते. जुन्या करारातल्याच यहेज्केलच्या पुस्तकात, 16:8 मध्येही, असा काठ पसरणे म्हणजे लग्नच. मराठीत ‘पदराखाली घ्या’ म्हटले की बरेचसे साधते. फक्त इथे पदर पुरुषाचा.

त्यामुळे हिब्रू शब्दसूची हाताशी हवीच. शब्द जिथे जिथे आला ती वचने काढून सलग वाचायची. कोशातले सगळे अर्थ एकाच वचनात कोंबले की घोटाळा होतो. ‘गोएल’चे माझ्याकडून तेच झाले. ‘उद्धारक’ एवढे वाचून मी थेट धर्मशास्त्रात शिरलो. लेवीय या पुस्तकाचा 25वा अध्याय काढल्यावर कळले की हा आधी भाऊबंदकीतला माणूस: नातलगाची विकलेली जमीन सोडवणारा, गुलामीत गेलेल्याला पैसे भरून परत आणणारा.

मापांकडेही दुर्लक्ष नको. 2:17 मध्ये रूथने दिवसभर वेचलेला सातू झोडपल्यावर एक एफा भरतो. एफा साधारण 22 लिटरचा धरतात, म्हणजे तेरा-चौदा किलो धान्य. सरव्यात एवढे मिळत नसते. आदल्याच वचनात बवाज गड्यांना पेंढ्यांतून मुद्दाम कणसे गाळायला सांगतो, ते इथे मोजून दिसते.

चौथ्या अध्यायातली चप्पल ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातल्या चपलेशी जुळवू नये. तिथे विधवा लग्नाला नकार देणाऱ्या दिराच्या पायातली चप्पल काढते आणि त्याच्या तोंडावर थुंकते. इथे बवाजपेक्षा जवळचा गोएल आपला हक्क सोडताना आपली चप्पल आपणच काढून देतो, आणि व्यवहारात जमीनही आहे. ही जुनी रीत होती, असे 4:7 स्वतःच सांगते. लिहिणाऱ्याच्या काळीच ती समजावावी लागत होती.

या जवळच्या गोएलला 4:1 मध्ये बवाज ‘पेलोनी अलमोनी’ म्हणून हाक मारतो. आपल्या ‘फलाण्या’चा मूळ अरबी शब्द या पेलोनीचाच भाऊबंद. वारसा बिघडेल म्हणून रूथला नाकारणाऱ्या या गृहस्थाचे नाव पुस्तकात कुठेच नाही. भाषांतरात ‘अरे गड्या’ असे काही आले की ही थट्टा निसटते. माझ्या वहीत तो फलाणा-बिस्तानाच आहे.