दादाच्या हृदयातली गाठ सीटीत कशी दिसली

दादाला दम लागायला लागला तो ऐन कापूस वेचणीत. गावातल्या डॉक्टरनी कफ म्हणून औषध दिलं, मग पायावर सूज चढली तेव्हा यवतमाळला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, तर हृदयाभोवती पाणी आणि उजव्या वरच्या कप्प्यात गोळ्यासारखं काहीतरी. गुठळी की गाठ ते इकोवर नक्की सांगता येत नाही म्हणाले, नागपूर गाठा.

तिथं आधी सुईनं पाणी काढलं, लाल रक्तासारखं. तपासणीत कॅन्सरच्या पेशी नाही सापडल्या म्हणून आम्ही खुश, पण डॉक्टर म्हणाले एवढ्यात खुश होऊ नका, कॅन्सरची गाठ असली तरी पाण्यात त्या पेशी पुष्कळदा सापडत नाहीत.

मग सीटी. हृदय हलते ना, म्हणून छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून ठोक्याशी जुळवून फोटो घेतात. त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी पाहतात, कारण फोटोत नीट दिसावं म्हणून शिरेतून डाय (औषध) सोडतात अन् तो किडनीतून जातो. नाडी जोरात असली तर एरवी गोळी देऊन कमी करतात, पण दादाला दिली नाही, भोवती अजून थोडं पाणी होतं आणि अशात नाडी मुद्दाम उतरवणं धोक्याचं. डाय गेला की अंगभर गरम वाटते. दादा बाहेर आला अन् हळूच म्हणे, "मले त वाटलं लघवी कपड्यातच झाली."

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर दाखवलं. गुठळी असती तर तिनं डाय घेतला नसता, हा गोळा मात्र कुठं पांढरा कुठं काळपट असा उजळला होता. साधी, कॅन्सर नसलेली गाठ, मिक्झोमा म्हणतात ती, बहुतेक डाव्या वरच्या कप्प्यात पडद्याला देठानं लटकते. दादाची उजवीकडं, बूड रुंद, कडा वेड्यावाकड्या, भिंत फोडून बाहेरच्या आवरणात घुसलेली, आणि फुफ्फुसात बारीक दाणे. मी विचारलं, मॅडम दुसरीकडून तर आली नसेल? त्या म्हणाल्या हृदयात बाहेरून पसरलेला कॅन्सरच जास्त सापडतो, म्हणून पोटाचाही सीटी करू. त्यात काही नव्हतं.

तरी सीटीवर नाव पक्कं होत नाही. फुफ्फुसातल्या दाण्याची बायोप्सी केली तेव्हा अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर आला. पसरल्यामुळे ऑपरेशन नाही, किमो चालू आहे.

कोणावर अशी वेळ आली तर एक करा भाऊ, फिल्मसोबत सीडी मागून घ्याच. फिल्मवर निवडक फोटो असतात, सगळे सीडीत, आणि दुसरा डॉक्टर पहिले तीच मागतो.