गोणीतले बूट

अण्णांनी खताची रिकामी गोणी माझ्या वर्कशॉपच्या फरशीवर उलटी केली आणि त्यातून सात जोड बूट धपाधप पडले. दोन बहुतेक धुतलेलेच नव्हते. मागे त्यांची मुलगी उभी, हातात कापडी पिशवीत गुंडाळलेली तलवार. धुळ्याहून पहाटेच्या एसटीने आले होते. कंडक्टरने म्हणे विचारलं, "तलवार दिसतीये, नवरदेव कुठंय?"

जळगावात मी पायाच्या साधनांचं काम करतो. बरंचसं काम मधुमेहाच्या पेशंटांचं. एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या चपला, टाचेखालच्या गाद्या, सपाट पायांसाठी बुटात घालायचे मापाचे इनसोल. दोन महिन्यांपूर्वी तलवारबाजी खेळणाऱ्या या पोरीचे इनसोल मीच केले होते. प्लास्टरमध्ये पायाचा साचा घेतला, तीन मिलिमीटरचं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक ओव्हनमध्ये मऊ करून त्यावर ओढलं, टाचेखाली आधार दिला, वरून ईव्हीएच्या मऊ फोमचं अस्तर लावलं. तिला पॅसेजमधून चालायला लावलं. छान चालली. मी खूश.

मग अण्णांचा फोन आला. "भाऊ, मन्ही आंडेरनी टाच दुखस. तुम्ही दिधेल इनसोल शे, नवा बूट शेतस, तरी दुखस." आंडेर म्हणजे अहिराणीत मुलगी. अण्णांना कुणीतरी सांगितलं होतं की इनसोल टाकायचा तर बूट एक नंबर मोठा घ्यावा. म्हणून पाचऐवजी सहा नंबर, तोही ऑनलाइन मागवलेला. मी म्हटलं, इनसोल, बूट, खेळताना घालते ते गुडघ्यापर्यंतचे मोजे, तलवार, सगळं घेऊन या. तलवारबाजीचे बूट जळगावच्या दुकानात ठेवतंय कोण? तेव्हा तिच्या सरांनी क्लासमधल्या पोरांचे बूट गोळा करून दिले. ती ही गोणी.

मे महिना. आठ वाजताच अंगण तापायला लागलं होतं. शहाबादी फरशीवर मी खडूने सरळ रेघ मारली आणि म्हटलं, "आता चालू नको, खेळ." ती सेबर खेळते, तलवारबाजीचा एक प्रकार. मोबाइलच्या कव्हरवर भवानी देवीचा फोटो. भारताकडून तलवारबाजीत ऑलिंपिकला गेलेली पहिली खेळाडू तीच, २०२१ मध्ये टोकियोत, तीही सेबरमध्येच. या प्रकारात पुढे जाताना मागचा पाय पुढच्याला ओलांडून टाकायला बंदी आहे, त्यामुळे पुढचा पाय लांब फेकून केलेल्या लंजवर सगळी भिस्त.

तिने लंज मारला आणि मला माझी चूक दिसली. मोबाइलवर सावकाश करून पुन्हा पाहिलं. पुढचा उजवा पाय टाचेवर आदळत होता, आणि आदळायच्या आधीच टाच बुटातून वर सरकलेली होती. थांबताना आख्खा पाय पुढे घसरून बोटं टोकाला लागत होती. मागच्या डाव्या पायाचं वेगळंच. तो जमिनीला धरून आतल्या कडेवर कलंडत, घासत येत होता. तलवारबाजीच्या बुटाला अंगठ्याच्या बाजूला आतून जाड पट्टी का असते आणि टाच मागून गोलसर का असते, हे मला त्या अंगणात कळलं. पंचवीस वर्षं मी लोकांना फक्त चालताना बघत आलो होतो.

पट्टी घेऊन बसलो. माझा इनसोल टाचेखाली दहा मिलिमीटर, आणि बुटाचा स्वतःचा चार मिलिमीटरचा इनसोल तसाच खाली. तो काढायचा असतो हे सांगायचं मी विसरलो होतो. म्हणजे टाच चौदा मिलिमीटर वर. बुटाची मागची कडक भिंत टाच धरायला असते, तिथे धरायला उरलंच काय? इनसोल जागा खातो ती उंचीतली. नंबर वाढवला की वाढते मुख्यतः लांबी. ज्या ठिकाणी अडचण होती तिथे काहीच सुटलं नाही, आणि जिथे नव्हती तिथे पाय खेळायला लागला.

मग गोणीतला एकेक जोड. आधी आतला इनसोल निघतो का ते बघायचं. दोन जोडांचा चिकटवलेला होता, ते बाजूला. एक पळण्याचा बूट: मऊ आणि भरपूर जागा, पण सोल इतका जाड आणि टाच इतकी उंच की बाजूला कलताना घोटा डुगडुगायला लागला. बॅडमिंटनचा जोड खरंच बरा होता. सोल पातळ, पकड चांगली, बाजूने घट्ट. सरावाला तो चालेल असं मी सांगितलं, फक्त मागच्या पायाची आतली कड लवकर फाटेल. उरले तीन, तलवारबाजीचेच. एकाची कंबर, म्हणजे कमानीखालचा मधला भाग, इतकी अरुंद की माझा इनसोल कडांवर चढून पाळण्यासारखा डुलत होता. दुसरा चवड्यावर आवळत होता. तिसरा बसला. पाच नंबरच, लेस खालपर्यंत उतरलेली, टाचेची भिंत उंच.

तरी मला रापी हातात घ्यावीच लागली. टाचेखालचा आधार ग्राइंडरवर चार मिलिमीटरने उतरवला. कमानीची आतली कड बुटाच्या आकाराला घासली. चवड्यापुढचा भाग कापून पाऊण लांबीचा केला, म्हणजे बोटांवरची जागा मोकळी. डाव्या इनसोलची पुढची कड आणखी पातळ केली, कारण मागच्या पायाला चवड्यात वाकायचं असतं. दोन्ही पाय सारखेच करायचे ही माझी सवय, आणि या खेळात दोन्ही पाय एक काम करत नाहीत. दर घासणीला पोरगी अंगणात जाऊन वीस लंज मारून यायची. शेजारच्या पिठाच्या गिरणीवरच्या बाया दळण विसरून बघत होत्या.

अकराला टाच जागेवर राहिली. दुखणं गेलं असं मी म्हणत नाही. ती टाच सुजलेली होती, तिला डॉक्टरांकडे पाठवलं, दोन आठवडे लंज बंद. बसलेला जोड मात्र एका पोराचा होता. त्याच्या आतली लांबी, कंबरेची रुंदी, टाचेच्या भिंतीची उंची कागदावर उतरवून दिली, कापलेल्या इनसोलची आकृतीही. आता मागवताना नंबरासोबत हीही मापं विचारायची.

निघताना अण्णांनी सगळे बूट गोणीत भरले, फक्त तो सहा नंबरचा नवा जोड बाहेर ठेवला. अण्णा बारीक चणीचे. चपला काढून त्यांनी त्यात पाय घातले, दोन पावलं टाकली.

"ह्या मी लई जास. वावरमा चालतीन."