तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्युमेंट असताना मॅप कशाला?

ऐरोलीच्या ऑफिसात आम्ही मेनफ्रेमवर, म्हणजे आयबीएमच्या मोठ्या संगणकावर, कोबॉल भाषेतले प्रोग्रॅम सांभाळतो. तिथे नवी मुलं आली की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, टीमच्या डॉक्युमेंटमध्ये सगळं लिहिलंय, मग तुम्ही दर वेळी बाइंडरचा मॅप उघडून का बसता?" ठाणे लोकल गाठायची असली की मी "सवय" म्हणून सुटते. आज नीट सांगते. आपण लिहितो तो सोर्स; तो मशीनच्या भाषेत आणणं म्हणजे कंपाइल; आणि कंपाइल झालेले तुकडे जोडून, म्हणजे लिंक करून, चालणारा प्रोग्रॅम बनवतो तो बाइंडर. कोणकोणते तुकडे आत भरले, त्याची बाइंडरने दिलेली यादी म्हणजे मॅप.

विम्याचा हप्ता उशिरा भरला तर दंड किती, ते काढणारं एक सबरूटीन, म्हणजे इतर प्रोग्रॅम कामाला बोलावतात असा छोटा प्रोग्रॅम, होतं. नियम बदलला, मी दोन ओळी बदलल्या. कंपाइल, लिंक, आरसी (रिटर्न कोड) झिरो, म्हणजे सगळं सुरळीत. महिनाअखेरीला कळलं की त्याला बोलावणाऱ्या सहा प्रोग्रॅमपैकी पाच नव्या दराने दंड लावतायत आणि सहावा जुन्याच. दोन रात्री मी सोर्स वाचत होते. सोर्समध्ये काय सापडणार, तो तर बरोबरच होता!

डॉक्युमेंटमध्ये ठळक अक्षरांत होतं: सर्व कॉल डायनॅमिक आहेत. म्हणजे प्रोग्रॅम चालताना सबरूटीनची ताजी प्रत उचलली जाते. पाच तसे होतेही, कारण त्यांत सबरूटीनचं नाव व्हेरिएबलमधून जात होतं. सहाव्यात कुणीतरी कॉलपुढे अवतरणचिन्हांत थेट नाव लिहिलेलं, आणि कंपाइल नोडायनॅम, म्हणजे 'डायनॅमिक नको', या पर्यायाने. असं असलं की बाइंडर सबरूटीन उचलून त्या प्रोग्रॅमच्या लोड मॉड्यूलमध्येच, म्हणजे चालवायला तयार अशा रूपातच, भरतो; यालाच स्टॅटिक कॉल म्हणतात. पोळी लाटून झाल्यावर पातेल्यातल्या पुरणात कितीही गूळ घाला, ताटातली पोळी आहे तशीच राहते. ती नव्याने लाटायची, म्हणजे तो प्रोग्रॅम परत लिंक करायचा, हे डॉक्युमेंटमध्ये कुठेच नव्हतं.

शेवटी निवृत्तीला आलेले एक सर म्हणाले, "सोर्स मिट. ॲमब्लिस्ट चालव." लोड मॉड्यूलच्या पोटात प्रत्येक तुकडा कधी कंपाइल झाला त्याची नोंद असते, ती ॲमब्लिस्ट छापतं. आमच्या सबरूटीनसमोर पाच वर्षांपूर्वीची तारीख होती.

आयबीएमच्या मॅन्युअलला मी दोष देणार नाही. जाडजूड असतं, पण बहुतेक वेळा खरं असतं. वैताग आहे तो टीमच्या कागदांचा. नव्वदच्या दशकात जोडणीचं काम करणारा जुना लिंकेज एडिटर जाऊन बाइंडर आला; आयईडब्ल्यूएल अशी जुन्या नावाने हाक मारली तरी ओ बाइंडरच देतो, म्हणून आमच्या कागदांना बदल कळलाच नाही. २०१३ साली कोबॉल ५ आलं आणि त्याच्या एक्झिक्युटेबलला, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमला, ठेवायला पीडीएसई ही नव्या धर्तीची लायब्ररी सक्तीची झाली. आमचं डॉक्युमेंट मात्र साधी, जुन्या धर्तीची पीडीएस बनवायला शिकवत राहिलं.

आणि "आरसी आठ चालतो" ही एक ओळ! एखादं नाव सापडलं नाही तर बाइंडर आठ देतो आणि मॉड्यूलवर 'चालवण्यालायक नाही' असा शिक्का मारतो. आमच्या जॉबमध्ये बाइंडरचा लेट हा पर्याय आठवर ठेवलेला, म्हणजे शिक्काच मारू नकोस. मग तो कॉल रात्री अडीचला येतो आणि ॲबेंड होतो, म्हणजे प्रोग्रॅम मधेच कोसळतो. फोन कुणाला येतो, सांगायला नको.

त्या दंडाच्या प्रकरणानंतर मी डॉक्युमेंट दुरुस्त केलं: 'हा एक प्रोग्रॅम स्टॅटिक, बदल केलात तर परत लिंक करा.' पुढे कुणीतरी तो प्रोग्रॅम डायनॅम पर्यायाने कंपाइल केला, म्हणजे त्याचा कॉलही डायनॅमिक झाला आणि माझी ओळ शिळी झाली. परवा एका मुलीने ती ओळ वाचून तो उगाचच लिंक केला आणि मला विचारलं, "मॅडम, हे कुणी लिहिलंय?"