फॉर्च्युनर की जुनी सिटी? तुम्ही विचारलंत म्हणून

थोरल्या भावाकडे टोयोटाची फॉर्च्युनर ही उंच, मोठी एसयूव्ही आहे, माझ्याकडे 2014 ची होंडा सिटी, म्हणजे बुटकी सेडान. पुणे-चिपळूण आम्ही दोन्ही गाड्यांनी करतो. त्यामुळे नव्या गाडीचा विचार करणारा कुणीही भेटला की विचारतो, ‘जुनी सिटी विकून मोठी गाडी घेऊ का?’

उंच बसलं की सुरक्षित वाटतं, हे सगळ्यांचं पहिलं कारण. पुढच्या गाड्यांपलीकडचा रस्ता दिसतो, हे खरंच आहे. पण बॉनेटही तेवढंच उंच असतं. अगदी पुढ्यात उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसत नाही. सोसायटीच्या आवारातून फॉर्च्युनर काढताना मला सगळ्यांत जास्त धास्ती याचीच असते.

खरा फरक चिपळूणच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट उतरताना कळतो. फॉर्च्युनर लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर बांधलेली, उंची 1835 मिलिमीटर, वजन दोन टनांच्या वर. सिटीची उंची 1495 आणि वजन साधारण 1100 किलो. वजन जेवढं उंचावर, तेवढी गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला कलते. मागे बसलेल्यांना मळमळायला लागतं ते यामुळेच; आई तर घाटाच्या पायथ्याचं पोफळी येईपर्यंत डोळे मिटून बसते. शिवाय उतारावर एवढं वजन रोखायचं असतं. खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाचा आधार घेतला नाही, तर ब्रेक तापतात. सिटी त्याच वळणांवर रस्त्याला चिकटून जाते. ती चालवण्यात मला जो आनंद मिळतो, तो मोठ्या गाडीत मिळत नाही.

जागेचंही तसंच. फॉर्च्युनरमध्ये सातही जण बसले की डिकीत जेमतेम 296 लिटर जागा उरते. सिटीची डिकी 510 लिटरची. गणपतीला जाताना सामान सिटीत आणि माणसं फॉर्च्युनरमध्ये, अशी आमची वाटणी ठरलेली असते.

मात्र घाट संपून वाडीचा चिखलाचा रस्ता लागला, की सिटी खालून लागते. तिथे भावाच्या फॉर्च्युनरची उंची आणि चारही चाकांना मिळणारी ताकद यांना पर्याय नाही. आणखी एक गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. माझ्या सिटीत दोनच एअरबॅग आहेत आणि घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा नाही. भावाच्या गाडीत सात एअरबॅग आहेत, ती यंत्रणाही आहे. धडक झालीच, तर आत बसलेल्यांसाठी त्याचीच गाडी बरी.

म्हणून मी उलट विचारतो, तुमच्या घरापर्यंत डांबर आहे का? नसेल, तर मोठी गाडी खुशाल घ्या. असेल आणि सिटीचं इंजिन ठणठणीत असेल, तर यंदा धक्के झेलणारे शॉकअप, सांध्यांतले रबरी बुश आणि चारही टायर नवे टाका. आणि चिपळूणला जाताना मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही पट्टा लावायला सांगा.