कुजबुजीत सगळे सारखेच : आवाजांची वही, महिना पाचवा

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की माझ्या ऑडिओ शृंगारकथेतली तिन्ही पात्रं आता बसली. सुलभा छातीतून, माधव त्याच्याही खालून, रोहिणी जिभेच्या शेंड्यावरून. तो तोरा उतरलाय. पहिली पंधरा मिनिटं तिघं झकास वेगळी ऐकू येतात. मग कथा जिथे जायची तिथे जाते, शेडमधली लाइट जाते, आवाज खाली येतात आणि त्या क्षणापासून सुलभा कोण नि माधव कोण हे मलाच कळेनासं होतं. शृंगारकथेत नेमकं तिथेच कळलं नाही तर बाकीच्या पंधरा मिनिटांना कोण विचारतो.

नव्यांसाठी दोन ओळी. निफाडच्या बाजूची द्राक्षबाग, फेब्रुवारीतली काढणी. सुलभा, वय ४६, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, बाग स्वतः बघते. माधव, ५१, निर्यातवाल्यांसाठी माल तपासायला येतो. रोहिणी, ३४, सटाण्याकडची, लॅब टेक्निशियन. सुलभा रात्री फोनवर जिला सगळं सांगते ती मैत्रीण. तिचं स्वतःचंही एक उपकथानक आहे, नवऱ्याबरोबरचं, रुसव्याचं. तिन्ही आवाज माझेच. रेकॉर्डिंग नाशकात, इंदिरानगरच्या घरात, साड्यांच्या कपाटाचं दार उघडं ठेवून, पाठीमागे दोन गोधड्या टांगून.

तर घोळ कुठे झाला? मी पट्टीवर विसंबून राहिले. माधव दोन सूर खाली, रोहिणी दोन सूर वर, झाली पात्रं. पण कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत. नुसती हवा जाते, आणि तोंडाच्या पोकळीचा आकार तिला जे काही रूप देईल तेवढंच उरतं. कंप नाही म्हणजे पट्टी नाही. खालचा सूर नाही, वरचाही नाही. चार महिने ज्या खुंटीवर पात्रं टांगली होती ती खुंटीच भिंतीतून निघाली. हे कळायला मला एक आख्खी रात्र आणि सतरा टेक लागले, आणि आता लिहिताना ते इतकं उघड वाटतंय की लाज वाटते.

खात्री करायला बारा कुजबुजलेली वाक्यं संदर्भ न देता एकामागोमाग जोडली आणि नाटकाच्या दिवसांतल्या चार मित्रमैत्रिणींना पाठवली. आधी विचारून. हे विचारणं मी कधीच चुकवत नाही. ऑफिसात बसलेल्या माणसाच्या फोनवर असलं काही अचानक वाजू नये. प्रश्न एकच होता, कोण बोलतंय? सर्वांत चांगला कान असलेल्या मैत्रिणीची पाच बरोबर आली. एका दादाने कळवलं, "तिघी बहिणी आहेत का?" त्यात माधवही आला.

मग वही उलटी लिहायला घेतली. पट्टी काढून टाकली तर माणसाजवळ काय उरतं? उरतो श्वास, उरतात व्यंजनं, थांबे आणि शब्द.

थांब्यांचं सगळ्यात आधी जमलं. माधव आयुष्यभर द्राक्षातली साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये डोळा घालून आकडे सांगत आलाय. "सोळा. साडेसोळा. थांबा. सतरा." त्याचं वाक्य पूर्ण होतं, मग तो श्वास घेतो. सुलभा उलट. नऊ वर्षं तिचं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, त्यामुळे ती क्रियापदाच्या आधीच थांबते, तिथे श्वास घेते आणि पुष्कळदा क्रियापद गिळूनच टाकते. "मला वाटलं तुम्ही आज…" बस. एवढं केल्यावर कुजबुजीतही दोघं वेगळी झाली. वर, तिचं अर्धं वाक्य आणि त्याचं पूर्ण वाक्य शेजारी आलं की आपोआप एक ओढ तयार होते. ती मी लिहिलेली नव्हती, ती मिळाली.

आता ज्याच्यासाठी ही नोंद लिहायला बसले ते. माधवने सुलभाला काय म्हणायचं?

खऱ्या आयुष्यात माल बघायला आलेला माणूस बागवालीला 'ताई' म्हणेल. विषय संपला, कथा तिथेच मेली. 'वहिनी' म्हटलं तर स्टँडवरच्या पिवळ्या पुस्तकांचा वास येतो, आणि त्या वासातून बाहेर पडायलाच तर आपण हा उद्योग करतोय. 'मॅडम' थोडे दिवस चाललं. पण मॅडमवरून एकदम 'सुलभा' आणि 'तू'वर उडी मारली की ऐकणारा दचकतो. मी तीन मसुदे त्या उडीवर वाया घालवले.

मग लक्षात आलं, आपण मराठी माणसं ही उडी मारतच नाही. आपण मध्ये बराच काळ हवेत तरंगतो. ज्याला 'तुम्ही' म्हणवत नाही आणि 'तू' म्हणायची हिंमत होत नाही, त्याच्याशी आपण कर्ता काढून टाकून बोलतो. "चहा घ्यायचा का?" "निघायचं?" "पाऊस थांबेपर्यंत बसायचं का इथेच?" कॉलेज रोडवर आयुष्यात एकदा तरी कुणाची वाट पाहिलेल्या प्रत्येकाला हे वाक्य ओळखीचं आहे. कोण घेणार चहा, कोण बसणार, काही कळत नाही. सगळं त्या 'यचं'मध्ये झाकलेलं. आता माझा माधव दुसऱ्या भेटीपासून सुलभाला काहीच म्हणत नाही. ना मॅडम, ना नाव. लाइट जाते तेव्हा तो विचारतो, "बॅटरी लावायची?" आणि ती म्हणते, "नको." त्यानंतर चार मिनिटांनी तिच्याकडून पहिला 'तू' येतो, त्याच्याकडून नाही. तो 'तू' मी पूर्ण आवाजात म्हटलाय, कुजबुजीत नाही. सगळ्या कथेत अंगावर काटा आणणारी तीच जागा आहे आणि तिथे कुणी कुणाला हातही लावलेला नाही.

(आयटी कायद्यातलं कलम ६७, नेटवर अश्लील काही टाकण्याबद्दलचं, आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे सूचक राहणं शहाणपणाचं हे वेगळं सांगायला नको. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. उघडं वर्णन आलं की सगळ्यात आधी पात्रांचा आवाज जातो. मग सगळे एकाच माणसासारखे बोलतात.)

रोहिणीच्या बाबतीत मात्र मी फजीत झाले. तिची मराठी नाशिकची, शिकलेली. पण घरची बोली अहिराणी. ठरवलं, ती हळवी झाली की अहिराणी वर येणार. 'डोळा'चा 'डोया', 'आहे'च्या जागी 'शे', 'तुझा'च्या जागी 'तुना'. कुजबुजीला तर हे फारच सोयीचं, कारण व्यंजन बदललं की पट्टी नसली तरी माणूस ओळखू येतो. मी खूश होऊन प्रत्येक वाक्यात पेरलं. अहिराणी मायबोली असलेल्या एका मैत्रिणीला ऐकवलं. ती आधी हसली, मग गप्प झाली. म्हणाली, "बाई, ही तर मालिकेतली मोलकरीण वाटते. आम्ही नवऱ्याशी भांडताना शुद्ध बोलतो. अहिराणी येते ती भांडण मिटल्यावर." हे मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं. सगळं उपटून काढलं. आता सबंध भागात एकच 'डोया' आहे, रुसवा निघाल्यानंतर. बाकी तिची ओळख एवढीच, की सुलभा 'मी आले' म्हणते आणि रोहिणी 'मी आली'. बारीक आहे, पण कान पकडतो.

माइकचं थोडक्यात. माझ्या अंगात अजून राज्य नाट्य स्पर्धा आहे. सायखेडकर नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या आजोबांना ऐकू जाईल असंच बोलायची सवय. इथे ऐकणाऱ्याचा कान चार बोटांवर असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आवाजाची तीन स्थानं सांगितलीत, उर, कंठ आणि शिर. लांबच्याला हाक मारायची तर शिर, मधल्या अंतरावर कंठ आणि जवळच्याशी उर. म्हणजे आवाज कुठून काढायचा हे पात्राच्या स्वभावावर नाही, समोरचा किती लांब आहे त्यावर ठरतं. मी इतके दिवस 'सुलभा म्हणजे छाती' असं कायमचं ठोकून ठेवलं होतं. आता ती बागेतून गड्याला हाक मारते तेव्हा शिर, माधवशी सौदा करते तेव्हा कंठ. उरावर ती एकदाच येते. (त्याच ग्रंथात आवाजाच्या फिरवण्याला 'काकू' म्हणतात. हे मी पात्राच्या टाचणात लिहून ठेवलं होतं, 'सुलभाची काकू नीट करणे'. घरच्यांनी वाचलं आणि विचारलं, कोणती काकू?)

अंतराचा दुसरा फायदा माइकच देतो. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणाऱ्या, माइकच्या जितकं जवळ जाल तितका खर्ज फुगतो. माधवसाठी आवाज दाबून घसा खरवडण्यापेक्षा त्याला चार बोटांवर आणलं आणि सुलभाला वीतभर लांब ठेवलं. कुजबुजीत पट्टी नसली तरी हा फुगवटा थोडा उरतो. पण 'प' आणि 'फ' फटाफट आदळतात, म्हणून तोंड माइकच्या थोडं बाजूला. पहिला 'तू' आल्यावर अंतरं अदलाबदल केलीत, ती जवळ आणि तो लांब. कुणाच्या लक्षात येणार नाही, पण जाणवेल.

नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज आपोआप बंद करणारी सोय, लावू नका. मी लावला होता. पंख्याची घरघर गेली आणि त्याबरोबर श्वासही गेले. दोन माणसं निर्वात पोकळीत प्रेम करतायत असं वाटायला लागलं. त्यापेक्षा पंखा बंद करा, घाम पुसा, ८० हर्ट्झच्या खालचं कापा आणि मधल्या शांततेत खोलीचाच आवाज भरा. माझ्या खोलीचा आवाज रात्री दोन ते चार एवढाच मिळतो. त्यानंतर दूधवाले, आणि हल्ली सिंहस्थाच्या नावाने चाललेली खोदाई.

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून सांगते. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या सातशे प्राकृत गाथा आपल्याच गोदावरीच्या काठच्या. त्यातल्या कितीतरी बायकांच्या तोंडी आहेत आणि गाथेत सहसा लिहिलेलं नसतं कोण कुणाला म्हणतंय. टीकाकारांनी मागाहून सांगितलं, ही नायिका सखीला म्हणते, ही वाटसरूला. दोन ओळींत, पट्टी नाही, माइक नाही, आणि तरी बोलण्याच्या वळणावरून बाई ओळखू यायची. रोहिणीला फोनवरची सखी करायचं सुचलं ते तिथूनच.

परवा तीच परीक्षा पुन्हा घेतली. नवी बारा वाक्यं, तेच चौघं. मैत्रिणीची दहा बरोबर. तिघी बहिणीवाल्या दादाची आठ, आणि त्याने पुढे विचारलं, "हा माधव लग्नाचा आहे का? आमच्या आत्तेबहिणीसाठी बघत होतो."

आता अडलंय ते हसण्यावर. माणूस मोकळं हसला की स्वरतंतू कंप पावतातच, पट्टी परत येते, आणि ती पट्टी माझी असते. लाइट परत येते तेव्हा माधव हसतो, असं संहितेत आहे. काल रात्री नऊ टेक केले. नवव्यात तो जवळजवळ हसलाच होता, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.