कंडेन्सरपाशी अडलेली गाडी

आजच्या रस्त्यावर वाफेची गाडी व्यवहार्य ठरेल का, हा प्रश्न मला बॉयलर हाउसमध्ये अनेकांनी विचारला आहे. परंतु त्याचे उत्तर प्रत्यक्ष चालत्या गाडीवर तपासण्याची संधी एका मे महिन्यात, गळीत हंगाम संपल्यानंतर मिळाली. कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी बॉयलर ऑपरेशन इंजिनिअर म्हणून काम करतो. आमच्याच एका फिटरची मुलगी तेव्हा यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आणि तिच्या सहाध्यायांनी जुन्या मालवाहू रिक्षाचे इंजिन काढून त्या जागी दोन सिलिंडरचे वाफेचे इंजिन आणि एकाच लांब पोलादी नळीच्या वेटोळ्याचा बॉयलर बसवला होता. पुढे ही गाडी उसाच्या चिपाडाच्या (बगॅसच्या) ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या विटांवर चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. चाचणीपुरता डिझेलचा बर्नर लावला होता.

बॉयलर कायद्याच्या व्याख्येत 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे येत नाही आणि या वेटोळ्यात तर जेमतेम काही लिटर पाणी मावत होते. तरीही दर चौरस सेंटिमीटरला 20 किलो दाबाची वाफ ही 20 किलो दाबाचीच वाफ असते. म्हणून आधी दीडपट दाबावर पाण्याची चाचणी घेऊन आणि सेफ्टी व्हॉल्व्ह माझ्यासमोर उडवून पाहिल्याशिवाय मी गाडीला हात लावू दिला नाही.

त्यानंतर मोकळ्या गाडीतळावर ती धावली, आणि हे मला मनापासून सांगितले पाहिजे की ती सुंदर धावली. मागे वाळूची पोती भरून गाडी वजनकाट्याच्या चढावर उभी केली, मुलीने थ्रॉटल हळूच उघडला आणि क्लच नाही, गिअर नाही, आवाज जवळजवळ नाही अशा अवस्थेत गाडी जागेवरून सरळ वर चढली. वाफेच्या इंजिनाची पूर्ण ओढ शून्य वेगालाच उपलब्ध असते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि डोळ्यांसमोर पाहणे वेगळे. अमेरिकेत 1906 साली फ्रेड मॅरियट यांनी स्टॅन्ले बंधूंच्या वाफेच्या गाडीने ताशी 200 किलोमीटरच्या पुढचा वेग गाठला होता; त्यामुळे वाफेची गाडी मुळातच मंद असते, हा समज निराधार आहे.

अडचण आली ती काही फेऱ्यांनंतर. इंजिनातून बाहेर पडणारी वाफ थंड करून पुन्हा पाणी करण्यासाठी पुढे एका कारचा रेडिएटर कंडेन्सर म्हणून बसवला होता. तो वरपासून खालपर्यंत सारखाच तापला, म्हणजे वाफेचे पाणी न होता ती तशीच खाली उतरू लागली. हे परतीचे पाणी जिथे साठते त्या टाकीच्या, म्हणजे हॉटवेलच्या झाकणातून वाफ येऊ लागली, आतले पाणी उकळीला पोहोचले आणि तिथून बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाने सक्शन सोडले. पंप फिरत होता, पण पाणी पुढे जात नव्हते. आमच्या मोठ्या बॉयलरमध्ये ड्रममधला पाण्याचा साठा निर्णय घ्यायला थोडी उसंत देतो. वेटोळ्यात ती नसते. वाफेचे तापमान 300 अंशांवरून झपाट्याने चढले आणि 400 च्या जवळ येताच मुलीने लावलेल्या थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेने, बर्नर आपोआप बंद केला. नळी वाचली. ही दक्षता तिने आधीच घेतली होती, याचे मला फार समाधान वाटले.

"काका, रेडिएटरला मोठा पंखा लावला तर?" तिने विचारले. मी खडू घेतला आणि रिक्षाच्या फाळक्यावरच हिशेब मांडला. चाकांना 5 किलोवॉट हवे असतील आणि अशा लहान इंजिनाची कार्यक्षमता दहा टक्के धरली, तर वाफेत 50 किलोवॉट उष्णता घालावी लागते आणि त्यातली 45 किलोवॉट कंडेन्सरमधून हवेत सोडावी लागते. तेवढ्याच शक्तीच्या पेट्रोल इंजिनाची बरीचशी वाया उष्णता सायलेन्सरमधूनच निघून जाते, रेडिएटरच्या वाट्याला सहा-सात किलोवॉट येतात. वाफेला ती सोय नाही. शिवाय वाफ 100 अंशांची आणि मे महिन्यातली हवा 40 अंशांची, म्हणजे मधे अंतर केवळ 60 अंशांचे. कंडेन्सर काढून टाकला, तर ताशी सुमारे 70 लिटर पाणी हवेत जाते.

स्टॅन्ले बंधूंनाही हेच भोवले. त्यांच्या गाड्या सुरुवातीला वाफ सरळ बाहेर सोडत आणि वाटेत जनावरांच्या हौदांवर पाणी भरून घेत. 1914 साली तिकडे लाळ्या-खुरकुताची साथ आली, रस्त्याकडेचे हौद हटवले गेले आणि 1915 च्या गाड्यांना कंडेन्सर बसवावा लागला. पुढे अमेरिकन अभियंते ॲब्नर डोबल यांनी मिनिटाच्या आत निघणारी, पाणी पुरवून वापरणारी अप्रतिम गाडी बनवली. पण ती इतकी महाग पडली की मोजक्याच गाड्या तयार झाल्या.

तेलाचा प्रश्न तर मी फक्त दाखवून ठेवला. सिलिंडरला लागणारे तेल वाफेबरोबर परतीच्या पाण्यात येते आणि नळीच्या आतून त्याचा थर धरला की तिथे नळी तापून फुगते. कंडेन्सेटमध्ये, म्हणजे वाफेच्या परतीच्या पाण्यात साखर उतरली का, हे आम्ही हंगामात अल्फा नॅप्थॉल हे रसायन टाकून सतत पाहतो ते याच भीतीपोटी. शुद्ध पाण्याशिवाय बॉयलर टिकत नाही.

चिपाडावर गाडी चालवायचीच असेल, तर माझ्या मते ते चिपाड गाडीत जाळू नये. आमच्याकडे एक किलो बगॅसपासून दोन किलोंच्या आसपास वाफ होते आणि कंडेन्सिंग टर्बाइनवर साधारण साडेचार किलो वाफेला एक युनिट वीज मिळते. म्हणजे किलोभर बगॅसची जवळजवळ अर्धा युनिट वीज झाली आणि ती बॅटरीच्या रिक्षाला काही किलोमीटर सहज नेते. त्या मुलांच्या इंजिनाला तेवढ्याच बगॅसमधून याच्या निम्मेही काम काढता आले नसते, कारण आमच्या टर्बाइनच्या मागे वाया उष्णता हवेत सोडणारा कूलिंग टॉवर उभा असतो आणि तो चाकांवर घालता येत नाही.

मुलगी बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. मग तिचे वडील म्हणाले, "साहेब, ही 45 किलोवॉट उष्णता गुऱ्हाळात तर हवीच असते." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. तिथे इंजिनाने लहान चरक फिरवावा आणि बाहेर पडणारी वाफ काहिलीत जाण्याआधीचा रस तापवण्यासाठी वापरावी. एवढ्या उष्णतेत ताशी सहाशे-सातशे लिटर रस 30 अंशांवरून 90 अंशांपर्यंत जातो आणि रेडिएटरची गरजच उरत नाही. वाफेत तेल असल्यामुळे ती रसात थेट सोडता येणार नाही, बंद नळीतूनच फिरवावी लागेल, आणि गुळव्या काहिलीत गुंतलेला असताना बर्नरकडे कोण पाहणार, हेही आधी ठरवावे लागेल. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी रसाच्या टाकीत मावेल अशा तांब्याच्या नळीची लांबी काढली आणि इंजिन रिक्षावरून उतरवायचे ठरवले.