मॉरिशसचं जंगल: आधी छोटं बेट, मग डोंगर

मॉरिशसमध्ये वन्यजीव बघण्यासाठी मी आधी इल ओ-एग्रेत हे छोटं बेट आणि मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं डोंगराळ अरण्य, असा क्रम ठेवला. इतरांनाही हाच सुचवेन. मोठ्या अरण्यातली बरीच हिरवाई बाहेरून आलेली आहे. मूळचं काय ते आधी नजरेत बसलं नाही, तर तिथे सगळंच सारखं दिसतं.

इल ओ-एग्रेत हे माहेबूर गावाजवळचं जेमतेम 26 हेक्टरांचं, प्रवाळाच्या चुनखडीचं बेट. 1965 पासून राखीव आहे. एकट्याने फिरायची मुभा नाही. बोटीने जायचं आणि वाटाड्यासोबत साधारण दीड तास चालायचं. जागा आधीच राखून ठेवा. निघण्यापूर्वी बुटांचे तळ आणि सॅकचे कप्पे झाडून घ्या, कारण मातीतून तणाचं बी बेटावर पोचतं आणि मग ते हाताने उपटत बसावं लागतं. इथली मूळची कासवं नामशेष झाली. त्यांचं चरण्याचं आणि बिया पसरवण्याचं काम आता सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांची महाकासवं करतात. गुलाबी कबूतर इथेच निवांत बघून घ्या: फिकट गुलाबी डोकं आणि छाती, तांबूस शेपटी. 1990 च्या सुमारास निसर्गात ही कबुतरं दहाएकच उरली होती. म्हणून प्रत्येक पक्षी बघताना मन भरून येतं.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान 1994 साली झालं. पेत्रँ या उद्यानाच्या वरच्या प्रवेशापासून माकाबेच्या जंगलाची वाट धरा, उजाडताच. ऊन चढलं की पक्षी गप्प होतात. किनाऱ्यावर ऊन असलं तरी इथे वर पाऊस असू शकतो, म्हणून रेनकोट आणि खाचदार तळाचे बूट हवेतच. वाटेच्या कडेला बारीक खोडांची दाट गर्दी दिसली तर तो बहुधा चिनी पेरू. तो मूळच्या रोपांना उजेडच मिळू देत नाही.

पोपटांबाबत हमखास गल्लत होते. सखल भागात दिसणारा पोपट बहुतेक वेळा बाहेरून आणलेला. मूळचा एको पोपट जास्त गडद हिरवा आणि आखूड शेपटीचा. त्याच्या प्रौढ मादीची चोच काळी असते, ही खूण सर्वांत भरवशाची. केस्ट्रेल हा छोटा ससाणा झाडांच्या आडून झेपावत हिरव्या पाली पकडतो. पांढऱ्या छातीवर काळे ठिपके शोधा. 1974 मध्ये निसर्गात असे चारच ससाणे माहीत होते. दुर्बीण 8×42, म्हणजे आठपट वर्धनाची, पुरे. दाट झाडीत जास्त वर्धनाने चित्र हलतं आणि पक्षी हातचा जातो.

माकाबेहून पुढे ब्लॅक रिव्हरकडे उतरणारी वाट तीव्र आणि निसरडी आहे. गाडी पेत्रँला ठेवून खाली उतरलात तर तीच चढण परत चढावी लागते. खालच्या टोकाला कुणी घ्यायला येणार हे ठरलेलं नसेल, तर माकाबेच्या कड्यावरून दरी बघून मागे फिरा.